सहा कड्या आणि एक स्टिअरिंग

प्रुइटांच्या फ्रिजवर उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा एकोणीस वर्षं रिकामी होती. नेडीननं तिथं पावाचा डबा ठेवला की ऑर्व्हल तो उचलून ओट्यावर ठेवायचा, आणि ऑर्व्हल आंघोळीला गेला की नेडीन तो परत वर ठेवायची. त्या जागेवर पिस्टन यायचा होता. बेकर्सफील्डच्या छोट्या गाड्यांच्या मॉडेल क्लबाचं पहिलं बक्षीस म्हणजे खऱ्या इंजिनातला खराखुरा पिस्टन, क्रोम करून लाकडी ठोकळ्यावर बसवलेला. दुसऱ्या नंबराला नुसता स्पार्क प्लग देतात. ऑर्व्हलकडं असे अकरा प्लग होते. ते न्हाणीघराच्या खिडकीत रांगेनं उभे असत, आणि हात धुवायला गेलेला पाहुणा बाहेर येऊन हटकून विचारायचा, "गाडी बिघडलीय का कुठली?"

गाडी बिघडलेली नव्हती, ऑर्व्हल बिघडलेला होता. तेलाच्या विहिरींवर तीस वर्षं वेल्डिंग केलेला हा आडदांड माणूस. पण गॅरेजमध्ये डोक्याला भिंग बांधून बसला की त्याची जाडजूड बोटं केसासारखी तार कार्ब्युरेटरच्या भोकात अलगद घालत. खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढ्या हॉट रॉड, म्हणजे कापूनछाटून वेगवान केलेल्या जुन्या गाड्या, बनवायच्या, हा त्याचा नाद. किटच्या खोक्यावर चित्र असतं तश्शीच गाडी बनवणं हा त्याच्या मते निव्वळ आळशीपणा होता. टप कापून खाली आणायचा, दारांच्या मुठी घासून टाकायच्या, इंजिन दुसऱ्या किटचं, धूर सोडायची धुरकांडी तिसऱ्याची, आणि बाकी जे लागेल ते घरातून उचलायचं. ही उचलण्याची खोड मात्र वाईट होती. ऑर्व्हलला वस्तू दिसली की ती वस्तू म्हणून दिसायचीच नाही. पंचविसाव्या हिश्श्यात ती काय होईल, तेवढंच दिसायचं. नेडीनच्या कानातल्यांच्या फिरक्या हेडलाइट झाल्या. डॉक्टरांकडची सुई धुरकांडीचं तोंड झाली. मेव्हण्याला पुरताना पुष्पचक्राची टाचणी ह्यानं खिशात घातली, ती आज गिअरची दांडी आहे.

ह्या वर्षीची गाडी म्हणजे चौतीस सालची दोन दारांची फोर्ड कूप. टप मापात साडेतीन मिलिमीटरनं उतरवलेला. खाली रुपेरी रंग, त्यावर पारदर्शक लाल रंगाचे चौदा हात, आणि प्रत्येक हात नेडीनच्या फळं सुकवायच्या यंत्रात वाळवलेला. तेव्हापासून त्या घरातल्या जर्दाळूंना थिनरचा वास येतो. सगळ्यात देखणं होतं ते स्टिअरिंग. पितळी तारेचे तीन आरे डाख देऊन आतून जोडलेले, आणि बाहेरच्या कड्यावर काळ्या दोऱ्याचे एकाहत्तर वेढे. वेढे त्यानं मोजले होते आणि भेटेल त्याला सांगितले होते.

आता ह्यात लग्न कुठून आलं? लग्न मेंढ्यांमुळं आलं. ऑर्व्हलच्या मुलीचं, ट्विलाचं, पीट इरिबार्नशी जमलं होतं. पीटच्या घरी मेंढ्या. त्यांची लोकर कातरून संपायची आणि चर्चची तारीख मिळायची, दोन्ही जुळून दिवस आला तो नेमका मे महिन्यातला तिसरा शनिवार, म्हणजे प्रदर्शनाचा. चर्चमध्ये तीनला. प्रदर्शनात गाडी सकाळी नऊला ठेवायची, परीक्षण संपून घंटा वाजणार साडेतीनला.

"डॅडी, नीट ऐक," ट्विलानं बजावलं. "गाडी ठेवायची आणि अकराच्या आत घरी. अकरा म्हणजे अकरा. तिथं कुणी चाकांबद्दल विचारलं तर बोलत बसायचं नाही."

"आणि कार्ब्युरेटरबद्दल विचारलं तर?"

"डॅडी!"

ऑर्व्हल अकराला दहा कमी असतानाच घरी आला, ह्याची घरात नोंद घेतली गेली. बाराला त्यानं दाढी केली. एक वाजता ट्विला पांढऱ्या झग्यात खोलीबाहेर आली आणि हा गडी दाराला टेकून डोळे पुसू लागला. सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग नेडीन केसांना रोलर लावलेल्या अवस्थेत म्हणाली, "ऑर्व्हल, ती अंगठी आण आता."

अंगठी होती नेडीनच्या आईची, इव्हा आजीची. धुळीच्या वादळांनी शेतं उडवली त्या वर्षांत ओक्लाहोमा सोडून आजी इथं आली, कापूस वेचून वेचून तिची अंगठी पार तारेसारखी बारीक झाली. ट्विला सहा वर्षांची असताना आजीनं ती तिच्या अंगठ्यात घालून पाहिली होती आणि म्हणाली होती, "ही तुझी. पण नवरा धड बघ." धड नवरा मिळायला एकवीस वर्षं लागली. फेब्रुवारीत नेडीननं अंगठी ऑर्व्हलकडं दिली, कारण तिच्या बहिणीची कार्टी घरभर उचकापाचक करतात. घरात जिला कुणी म्हणजे कुणी हात लावत नाही, अशी एकच जागा होती. ऑर्व्हलच्या गॅरेजमधलं चाळीस खणांचं स्क्रूचं कपाट. त्यानं अंगठी सातव्या खणात टाकली.

ऑर्व्हल शीळ घालत गॅरेजमध्ये गेला, सातवा खण उघडला आणि तळहातावर उपडा केला. पडद्याच्या पितळी कड्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. वा, सगळ्या आहेत, असं म्हणून तो हसला. आणि हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. पाकीट सहा कड्यांचंच होतं. त्यातली एक स्टिअरिंगला वापरलेली. मग उरायला हव्या होत्या पाच.

त्यानं पुन्हा मोजल्या. सहाच भरल्या. मग त्याला एप्रिलमधली ती दुपार आठवली. खणात बोटं घालून त्यानं सगळ्यात बारीक कडी निवडली होती, खिडकीच्या उजेडात धरली होती, आणि मोठ्यानं म्हणाला होता, "ह्याला म्हणतात नशीब!" बाईच्या बोटाची अंगठी आणि पंचविसाव्या हिश्श्यातलं स्टिअरिंग, दोन्हींचं माप एकच असतं, हे जगात फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. ऑर्व्हलला ते आत्ता कळलं.

तो स्वयंपाकघरात परत आला.

"नेडीन, अंगठी सापडली."

"मग दे ना."

"ती गाडीत आहे."

"कुठल्या, पिकअपमध्ये?"

"नाही. छोट्या."

नेडीनचा हात रोलरवरच थांबला. ट्विला हळूच खुर्चीवर बसली. "म्हणजे आजीची अंगठी तू स्टिअरिंगला लावलीस?"

"लावली नाही गं," ऑर्व्हल कळवळून म्हणाला. "तेच स्टिअरिंग आहे."

मग ऑर्व्हलनं आणखी एक घोडचूक केली. तो म्हणाला, "मी तुम्हा दोघींना दाखवलं होतं. नेडीन, तू केकवाल्याशी फोनवर होतीस आणि 'सुंदर' म्हणालीस. ट्विला, तू तर हातावर घेतलंस आणि म्हणालीस, अगदी खरं वाटतंय!"

नेडीनच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. ती चिडली आहे असं वाटून ऑर्व्हल दोन पावलं मागं सरला; पण नेडीन हसत होती. हसता हसता ती ओट्याला धरून खाली बसली आणि तिच्या केसांतला एक रोलर सुटून घरंगळत फ्रिजखाली गेला. तिचं पाहून ट्विलाही सुटली. ऑर्व्हलला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं पिकअपच्या किल्ल्या घेतल्या.

तिघं पुढच्या एकाच सीटवर कोंबून बसली. मधे ट्विला, तिच्या झग्याचा फुगारा काचेला भिडलेला, नेडीनच्या मांडीवर केसांच्या पिना. रस्त्यात लोक हॉर्न वाजवून शुभेच्छा देत होते आणि ट्विला राणीसारखा हात हलवत होती. "आजी असती तर तुला चाबकानं मारलं असतं," ती मधेच म्हणाली आणि पुन्हा खुदखुदली. प्रदर्शनाच्या सभागृहाशी पोचली तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती.

आत पन्नासेक माणसं, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, राजम्याच्या चिलीचा घमघमाट. नवरी आत शिरताच सगळ्यांनी टोप्या काढल्या. ऑर्व्हल थेट आपल्या टेबलाकडं धावला आणि जागच्या जागी थबकला. त्याच्या कूपपुढं लाल झेंडी रोवलेली होती. शेवटच्या फेरीत उरलेल्या तीन गाड्यांनाच ती झेंडी मिळते. आणि गाडीसमोर वाकून, पांढरे हातमोजे घालून, दात बघायचा आरसा गाडीच्या खिडकीशी धरून उभ्या होत्या मुख्य परीक्षक हडलस्टनबाई. ह्या बाईंनी आयुष्यात कुणाला फुकटचा अर्धा गुण दिला नव्हता.

"ते स्टिअरिंग पाहिलंत?" त्या शेजारच्या परीक्षकाला म्हणत होत्या. "इतकं नाजूक कडं ह्या माणसानं आणलं तरी कुठून?"

नेडीनला पुन्हा हसू फुटलं आणि तिनं ते रुमालात कोंबलं.

बाजूला चुई माँटेलाँगो कंबरेवर हात ठेवून उभा होता. ऑर्व्हलच्या अकरा प्लगांपैकी नऊ ह्याच्यामुळं. त्याची जांभळी इम्पाला पुढच्या टेबलावर, तिलाही लाल झेंडी. "म्हाताऱ्या," चुई म्हणाला, "यंदा तू मला खाल्लंस. बाई तुझ्या खिडकीत सहा मिनिटं डोकं घालून आहेत. माझ्याकडं दोनच मिनिटं थांबल्या. पिस्टन तुझाच. पण मेल्या, आज लग्न ना तुझ्या पोरीचं? तू इथं कसा?"

ऑर्व्हलनं त्याच्या कानात सांगितलं. चुईचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. "हात लावू नकोस!" तो कुजबुजला. "घंटेपर्यंत मालकानं हात लावला की गाडी बाद."

"मला सांगतोस? नियम माझा आहे."

आणि तो होताच त्याचा. दहा वर्षांपूर्वी परीक्षण चालू असताना चुईनं आपली गाडी बोटभर फिरवून रंगावर ऊन घेतलं होतं. तेव्हा ह्याच ऑर्व्हलनं आकाशपाताळ एक करून, सभा भरवून, हा नियम पास करून घेतला होता. हात वर करून मत मागितलं तेव्हा त्यानं स्वतः दोन्ही हात वर केले होते.

हे सगळं ट्विला ऐकत होती. तिनं झेंडी पाहिली, मग बापाचं तोंड पाहिलं. पहिला प्लग घरी आला तेव्हा ती आठ वर्षांची होती. टप कापताना पट्टी धरायचं काम तिचं असे. ती म्हणाली, "राहू दे, डॅडी. मम्मीची घालते आज. घंटा झाली की आजीची काढू, उद्या घालेन. काय बिघडतंय?"

ती मनापासून म्हणत होती. नेडीननं थुंकी लावून आपली अंगठी काढून दिलीसुद्धा. ट्विलानं ती बोटात घातली. नेडीनचं बोट जाड, ट्विलाचं सडपातळ. अंगठी सांध्यावरून गरकन फिरली आणि निसटू लागली. तशी ट्विलानं पटकन मूठ मिटली. "बसतेय," ती म्हणाली. "छान बसतेय."

ऑर्व्हल त्या मिटलेल्या मुठीकडं बघत राहिला. त्याला पिस्टन हवा होता. एकोणीस वर्षं फ्रिजवरची जागा त्यानं उगाच पुसून ठेवली नव्हती. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि गाडी उचलली.

पन्नास माणसांच्या तोंडून एकदम "हाऽऽ" असा आवाज निघाला. चिलीच्या पातेल्यापाशी कुणाचा तरी डाव पडला.

हडलस्टनबाई ताठ उभ्या राहिल्या. "मिस्टर प्रुइट, खाली ठेवा ती. माझं लक्ष दुसरीकडं होतं, असं मी समजेन."

सगळं सभागृह बाईंकडं बघू लागलं. असं काही त्यांच्या तोंडून निघेल, हे कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

"तुमचं लक्ष माझ्याकडंच होतं, बाई," ऑर्व्हल म्हणाला. "लिहा. बाद."

बाईंनी शिसपेन्सिलीनं वहीत रेघ मारली. मग लाल झेंडी काढून खिशात ठेवली. आणि मग, कुणाला काही कळायच्या आत, त्यांनी हातमोजे उतरवले आणि बाह्या वर केल्या. "आता ती अंगठी काढायची कशी ते बघू. लग्न कितीला आहे?"

"तीनला!"

"मग उभे काय राहिलात?"

झालं! सगळं सभागृह त्या टेबलाभोवती गोळा झालं. प्रत्येकाकडं अक्कल होती आणि प्रत्येकाची वेगळी होती. एक म्हणे, काच फोडा. दुसरा म्हणे, बॉनेटकडून हात घाला. तिसऱ्यानं टपावर करवत धरायला सांगितलं, तेव्हा चुईनं त्याला कोपरानं मागं सारलं. "चौदा हातांचा रंग आहे तो, गाढवा! खालून, गाडीच्या फरशीकडून जायचं. म्हाताऱ्या, फरशी कशानं चिकटवलीस?"

"काल घाई होती. सुपरग्लूनं."

"काल घाई होती!" चुई आनंदानं ओरडला. "देवानंच तुला घाई दिली! सुपरग्लू थंडीत कडक होऊन तडकतो. बर्फ आणा रे!"

बिअरची बर्फपेटी आली. गाडी सँडविचच्या पिशवीत घालून बर्फात पुरली. पंधरा मिनिटं थांबायचं होतं, आणि तेवढ्यात लोकांना सरबराईला नवरीच सापडली. तिला खुर्ची दिली, झग्यावर डाग पडू नये म्हणून टेबलावरची चादर पांघरली, चिलीचा वाडगा दिला. ट्विला चादरीत बसून चिली खाऊ लागली आणि मिनिटं मोजू लागली. चौदाव्या मिनिटाला सगळे मोठ्यानं सेकंद मोजायला लागले.

"तीन! दोन! एक!"

ऑर्व्हलनं गाडी हातावर उलटी धरली आणि मागच्या टोकावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं एकच टिचकी दिली. टक्! फरशी स्टिअरिंगसकट सुटून सुबक निघाली, वर लाल रंगाला ओरखडा नाही. टाळ्या पडल्या. हडलस्टनबाईंनी भिंग धरलं, ट्विलानं टॉर्च धरला, चुईनं सुईनं दोऱ्याचं टोक मोकळं केलं. एकाहत्तर वेढे उलगडले. हे वेढे कुणी मोजले नाहीत, ह्याचं ऑर्व्हलला थोडं वाईट वाटलं. दोरा गेला तसं खालून सोनं दिसलं. मग ऑर्व्हलनं बारीक पकडीनं तिन्ही आरे छाटले. आतल्या बाजूला डाखाचे तीन इवले उंचवटे तेवढे राहिले.

"घासून काढू?" त्यानं विचारलं.

"दोन चाळीस झालेत!" नेडीन किंचाळली.

"असू दे तसंच!" म्हणत ट्विला धावत सुटली.

चुई म्हणाला, "म्हाताऱ्या, मला असा पिस्टन नको."

"गप घे मुकाट्यानं," ऑर्व्हल पिकअपकडं पळता पळता ओरडला, "आणि चारला चर्चमागच्या जेवणाला ये. मेंढीचं मटण आहे!"

चर्चमध्ये पीट आधीच घामाघूम होऊन उभा होता. नवरीच्या अंगाला चिलीचा वास येत होता, नवरीच्या आईच्या डोक्यावर अजून दोन रोलर होते, आणि नवरीच्या बापाच्या कोटाच्या बाहीतून बर्फाचं पाणी गळत होतं. अंगठी घालायची वेळ आली. सांध्यापाशी ती जरा अडली, त्यानं जरा रेटली, आणि ती बसली. घट्ट बसली. ट्विलानं मान वळवून पहिल्या बाकावरच्या बापाकडं पाहिलं, आणि अंगठी दोन बोटांत धरून डावीकडं वळवली, मग उजवीकडं. वर तोंडानं अगदी हळू, "ब्रूऽऽम."

पाद्रीबुवांना काही समजलं नाही. ऑर्व्हल मात्र एवढ्या मोठ्यानं हसला की शेवटच्या बाकावरच्या मेंढपाळांनीही हसून घेतलं.

सोनारानं पुढं दोनदा सांगितलं की आतले उंचवटे पाच मिनिटांत घासून देतो. ट्विलानं दिली नाही.

पुढच्या मे महिन्यात तीच कूप पुन्हा टेबलावर आली. फरशी नीट चिकटवलेली, रंग तसाच झळाळता, आणि आत स्टिअरिंगच्या जागी नुसती दांडी. ऑर्व्हलच्या सातव्या खणात सहा कड्या होत्या, पण त्यानं एकीलाही हात लावला नव्हता. हडलस्टनबाईंनी आरसा खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मिस्टर प्रुइट, स्टिअरिंग कुठाय?"

ऑर्व्हलनं बोट दाखवलं. पलीकडं चिलीच्या टेबलाशी ट्विला उभी होती, सातव्या महिन्याचं पोट पुढं काढून, दुसरा वाडगा मागत.

बाईंनी वहीत पाच गुण कापले. नियम म्हणजे नियम. मग त्या सरळ चिलीच्या टेबलाकडं गेल्या आणि ट्विलाकडं हात पसरला. ट्विलानं थुंकी लावून अंगठी काढून दिली. बाईंनी ती भिंगाखाली धरली, आतून फिरवून पहिला उंचवटा पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.

"सांधे सुबक आहेत," हडलस्टनबाई म्हणाल्या.

हडलस्टनबाईंनी कुणाच्या कामाला तोंडानं सुबक म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. पिस्टन चुईनं नेला, ऑर्व्हलला बारावा प्लग मिळाला. तो इतका खूश होता की घरी येताना दोनदा चुकीच्या रस्त्याला लागला. आल्या आल्या त्यानं ओट्यावरचा पावाचा डबा उचलला आणि स्वतःच्या हातानं फ्रिजवर, उजव्या कोपऱ्यात ठेवला.